ऑनटॅप ९.९.१ वरून ९.१३.१: अपग्रेडच्या आधी काय काय तपासायचं?

लूपबॅक
आमच्याकडे नेटअ‍ॅपचा एएफएफ ए२५० हा स्टोरेज अ‍ॅरे आहे. दोन नोड (कंट्रोलर), मधे क्लस्टर स्विच नाही, ऑनटॅप (अ‍ॅरेची ऑपरेटिंग सिस्टिम) ९.९.१. त्यावर तीन प्रकारचा भार आहे: ईएसएक्सआय ७.० (व्हीएमवेअर) च्या होस्टना एनएफएस ३ (नेटवर्कवरून फाइली वापरायचा प्रोटोकॉल) वरून डेटास्टोअर, दोन लिनक्स डेटाबेस सर्व्हरना आयस्कझीवरून लन (नेटवर्कवरून दिलेली डिस्क), आणि खात्यांच्या फाइलींसाठी एसएमबी (विंडोजचं फाइल शेअरिंग) शेअर. डीआर (आपत्तीसाठीच्या) साइटला जुना दोन नोडचा फॅस (नेटअ‍ॅपचाच अ‍ॅरे) आहे, त्यावर स्नॅपमिरर (डेटाची प्रत) जातं. ९.१३.१ वर जायचं ठरलंय. मार्चअखेर उरकली की शनिवार रात्रीची विंडो मिळेल. अपग्रेड 'नॉन-डिसरप्टिव्ह' म्हणतात, पण चेंज कमिटीला लेखी हवंय की कशाला धक्का बसेल, कशाला नाही, आणि फसलं तर परत कसं यायचं. सुरुवात कुठून करू?

रॅकमागचा
आधी मार्ग बघू. ९.९.१ वरून ९.१३.१ ला थेट जाता येतं. ९.८ पासून पुढे चार रिलीजपर्यंतची उडी एका टप्प्यात चालते. ९.१४.१ ठरवलं असतं तर मधलं ९.१३.१ चं पॅकेजही रिपॉझिटरीत ठेवावं लागलं असतं आणि नोड दोन-दोनदा रिबूट झाले असते. नुसतं '९.१३.१' घेऊ नका, त्या रिलीजचं त्या वेळी उपलब्ध असलेलं शेवटचं पी-रिलीज (पॅच) घ्या. रिलीज नोट्समध्ये तुम्ही वापरता त्या गोष्टींचे बग वाचा: एनएफएस, आयस्कझी, स्नॅपमिरर. बाकीची पानं उलटलीत तरी चालेल.

डिजिटल अ‍ॅडव्हायझरमधल्या अपग्रेड अ‍ॅडव्हायझरने तुमच्या सिरियल नंबरचा अहवाल काढा. तो ऑटोसपोर्टच्या (अ‍ॅरे नेटअ‍ॅपला आपोआप पाठवतो त्या) माहितीवर बनतो, त्यामुळे ऑटोसपोर्ट नियमित जात असेल तरच त्याला अर्थ. महिन्यापूर्वीच्या ऑटोसपोर्टवरून निघालेला अहवाल महिन्यापूर्वीच्या क्लस्टरचा असतो. आजचा हवा असेल तर हाताने एक ऑटोसपोर्ट पाठवा, तो पोहोचल्यावर अहवाल काढा.

दुसरं, डीआरचं मॉडेल हार्डवेअर युनिव्हर्समध्ये (नेटअ‍ॅपच्या मॉडेलांच्या यादीत) घालून बघा. प्रत्येक जुन्या मॉडेलला शेवटचं ऑनटॅप ठरलेलं असतं. तुमचा फॅस ९.१३.१ पर्यंत पोहोचतच नसेल तर सगळं नियोजन बदलेल, म्हणून हे आज बघा.

तिसरं, इंटरऑपरेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे कशासोबत काय चालतं याचा नेटअ‍ॅपचा तक्ता. ईएसएक्सआयचं नेमकं बिल्ड, लिनक्सचं कर्नल, एचबीए किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, बॅकअप सॉफ्टवेअर, स्नॅपसेंटर, व्हीएमवेअरसाठीची ऑनटॅप टूल्स, सगळं ९.१३.१ समोर लावून बघा. अ‍ॅरे वर नेला आणि सोमवारी बॅकअप सॉफ्टवेअर म्हणालं 'अनसपोर्टेड व्हर्जन', हे प्रकरण सगळ्यात जास्त घडतं आणि त्यात अ‍ॅरेचा काडीचा दोष नसतो.

मल्टिपाथी
स्नॅपमिररबद्दल दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या.

एक: डेस्टिनेशन आधी, सोर्स नंतर. म्हणजे डीआरचा फॅस आधी अपग्रेड होणार. एक्सडीपी या नव्या प्रकारच्या रिलेशनशिपमध्ये (सोर्स-डेस्टिनेशनच्या जोडीत) दोन्हीकडे वेगळी व्हर्जन काही प्रमाणात चालतात, पण कुठली जोडी चालते याचा तक्ता आहे, तो पाहा. डीआर आणि प्रायमरीच्या मधे निदान आठवडाभर जाऊ द्या, म्हणजे नव्या व्हर्जनवर डीआर कसा वागतो ते कळेल.

दोन: जुन्या डीपी प्रकारच्या रिलेशनशिप ९.१२.१ पासून चालत नाहीत. ९.३ पासून नवीन बनवलेल्या सगळ्या एक्सडीपीच असतात, पण त्याआधी बनवलेल्या आणि तशाच पुढे ओढलेल्या डीपी राहतात. डेस्टिनेशनवर 'स्नॅपमिरर शो -फील्ड्स टाइप' चालवा. डीपी दिसल्या तर अपग्रेडच्या आधी बदलून घ्या. क्रम असा: डेस्टिनेशनवर क्विएस्क (नवे ट्रान्स्फर थांबवणं), मग ब्रेक, डेस्टिनेशन व्हॉल्यूमचं स्नॅपशॉट ऑटोडिलीट बंद, रिलेशनशिप डिलीट, सोर्सवर रिलीज, परत डेस्टिनेशनवर टाइप एक्सडीपी आणि पॉलिसी मिररऑलस्नॅपशॉट्स देऊन क्रिएट, शेवटी रीसिंक.

यात रिलीज करताना '-रिलेशनशिप-इन्फो-ओन्ली ट्रू' विसरायचं नाही. ते न देता रिलीज केलं की सोर्सवरचा दोघांतला सामायिक स्नॅपशॉट पुसला जातो आणि रीसिंकऐवजी पूर्ण बेसलाइन परत पाठवावी लागते. दहा-वीस टीबी डेटा डीआरच्या लिंकवरून पुन्हा जाणार म्हटल्यावर किती दिवस लागतील याचा हिशेब तुम्हीच करा.

लूपबॅक
बघितलं. चार रिलेशनशिप डीपी निघाल्या! हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये ठळक दिसलं नव्हतं. त्या आधी वेगळ्या चेंजमध्ये घेतो. आता होस्टच्या बाजूचं सांगा.

मल्टिपाथी
होस्ट हाच खरा परीक्षेचा भाग. अपग्रेडमध्ये अ‍ॅरे काय करतो? एक नोड दुसऱ्याकडे टेकओव्हर होतो (त्याचं काम दुसरा घेतो), नव्या इमेजवर बूट होतो, गिव्हबॅक होतो (काम परत मिळतं), मग हेच उलट बाजूने. प्रत्येक वेळी आयओ काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही थांबतं. ते होस्टने सोसलं तर 'नॉन-डिसरप्टिव्ह', नाही सोसलं तर नाही.

लिनक्स आयस्कझी: 'मल्टिपाथ -एलएल' मध्ये प्रत्येक लनला दोन गट दिसले पाहिजेत, प्रायो ५० चा ऑप्टिमाइज्ड आणि प्रायो १० चा नॉन-ऑप्टिमाइज्ड. फक्त ५० चाच गट दिसत असेल तर पार्टनर नोडकडे रस्ताच नाही, टेकओव्हरला तो लन पडणार. तुमच्या ए२५० सारख्या एएफएफवर आयस्कझी लिफ (अ‍ॅरेचे नेटवर्क पत्ते) दुसऱ्या नोडवर जात नाहीत, रस्ता बदलण्याचं सगळं काम होस्टच्या मल्टिपाथचं. 'आयस्कझीडी.कॉन्फ' मधला रिप्लेसमेंट टाइमआउट मूळचा १२० सेकंद असतो. मल्टिपाथ असताना तो ५ ठेवतात, म्हणजे मेलेला रस्ता लवकर सोडला जातो. आणि 'नो पाथ रिट्राय' क्यू वर आहे ना, तेही बघा.

एनएफएसचे लिनक्स क्लायंट असतील तर 'एफएसटॅब' मध्ये 'सॉफ्ट' लिहिलेलं एकही माउंट राहू देऊ नका. हार्ड माउंट थांबतं आणि पुन्हा चालू होतं. सॉफ्ट माउंट अ‍ॅप्लिकेशनच्या तोंडावर एरर फेकतं.

ईएसएक्सआय: एनएफएसच्या तीन सेटिंग. हार्टबीट फ्रीक्वेन्सी १२, हार्टबीट टाइमआउट ५, हार्टबीट मॅक्स फेल्युअर्स १०. गणित १२ गुणिले १० अधिक ५, म्हणजे १२५ सेकंदांनी डेटास्टोअर अनुपलब्ध ठरतो. आठ होस्टपैकी एकावर कुणीतरी हे कमी करून ठेवलेलं असतंच, म्हणून प्रत्येक होस्टवर स्वतंत्र बघा. आतल्या व्हीएमचंही बघा: विंडोजमध्ये रजिस्ट्रीतला डिस्क टाइमआउट निदान ६० सेकंद, लिनक्समध्ये व्हीएमवेअर टूल्स असतील तर १८०. टूल्स नसलेल्या जुन्या लिनक्स व्हीएममध्ये तो ३० च राहतो आणि फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते. टेकओव्हरनंतर 'एकच व्हीएम गेला' अशी तक्रार आली की आधी इकडे बघा.

पाचवी_लेन
नेटवर्कवाल्याच्या नजरेतून: एनएफएस आणि एसएमबीच्या लिफ टेकओव्हरला पार्टनरच्या पोर्टवर उडी मारतात. ऑनटॅपमध्ये ब्रॉडकास्ट डोमेन बरोबर, फेलओव्हर टार्गेट बरोबर, सगळं हिरवं. पण स्विचवर पार्टनरच्या पोर्ट-चॅनलला तो व्हीलॅन टॅगच केलेला नाही. लिफ तिकडे गेली की ती अ‍ॅरेच्या नजरेत 'अप', क्लायंटच्या नजरेत मेलेली. हे ऑनटॅपला दिसत नाही, अपग्रेडपूर्वीच्या व्हॅलिडेट तपासणीतही येत नाही.

तपासण्याचा एकच मार्ग, हलवून बघा. विंडोच्या आधीच्या आठवड्यात कमी गर्दीच्या वेळी प्रत्येक एनएफएस लिफ 'नेटवर्क इंटरफेस मायग्रेट' ने पार्टनरवर न्या, ईएसएक्सआयवरून व्हीएमकेपिंग करा, परत आणा. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पॅकेट) असतील तर 'व्हीएमकेपिंग -डी -एस ८९७२' (९००० मधून आयपी आणि आयसीएमपीचे २८ बाइट वजा). साधा पिंग गेला आणि हा गेला नाही, तर मधल्या एखाद्या पोर्टचा एमटीयू (पॅकेटची कमाल मर्यादा) १५०० आहे. एसएमबीच्या लिफ मात्र दिवसा हलवू नका, चालू सेशन तुटतील.

सोबत 'नेटवर्क पोर्ट आयएफग्रुप शो'. एलएसीपीमधला (एकत्र बांधलेल्या पोर्टांमधला) एक पोर्ट मेलेला असून गाडी दुसऱ्यावर चाललेली असते, कुणाला पत्ता नसतो. आणि क्लस्टर केबलसाठी अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये 'क्लस्टर पिंग-क्लस्टर -नोड'. ते मोठ्या पॅकेटनेही तपासतं.

लूपबॅक
एसएमबीचं काय? कमिटीतले निम्मे लोक त्या शेअरवरच बसलेत.

रॅकमागचा
स्पष्ट लिहा: एसएमबीची सेशन तुटतील, दोनदा, प्रत्येक नोडच्या वेळी. अपवाद एसएमबी ३ वरच्या 'कंटिन्युअसली अव्हेलेबल' शेअरचा. 'व्हीसर्व्हर सीआयएफएस सेशन शो -फील्ड्स कंटिन्युअसली-अव्हेलेबल' ने बघा, 'नो' दिसेल तो तुटणार. म्हणून सगळ्या शेअरना तो गुण लावावा असं मनात येईल, तसं करू नका. तो हायपर-व्ही आणि एसक्यूएल सर्व्हरच्या शेअरसाठी आहे. खात्यांच्या फाइलींवर लावला तर रोजचा वेग पडेल. बहुतेक वेळा क्लायंट आपणहून परत जोडतो. उघडी ठेवलेली एक्सेल मात्र कुरकुर करते. शनिवारी रात्री फाइली बंद ठेवा असा मेल पाठवला की झालं.

एनडीएमपीने टेपवर बॅकअप जात असेल तर तोही तुटतो. त्या रात्रीचे जॉब थांबवा.

जुना_खांब
भाराकडे या. विंडोच्याच वेळेला, शनिवार रात्री, एक आठवडा आधी 'नोड रन -नोड लोकल -कमांड सिसस्टॅट -सी १० -एक्स ३' दोन्ही नोडवर चालवा. सीपीयू आणि डिस्क यूटिल ५० टक्क्यांच्या खाली हवं. टेकओव्हरमध्ये एकच नोड दोघांचं काम ओढतो, म्हणून ५० चा आकडा. दिवसा मोजून 'पस्तीस टक्के आहे' म्हणायचं आणि रात्री बारा वाजता बॅकअप सुरू असताना अपग्रेड करायचं, याला मोजणं म्हणत नाहीत. डीड्यूपची (दुहेरी डेटा काढण्याची) वेळापत्रकं आणि व्हॉल्यूम मूव्ह त्या रात्री बंद. स्नॅपमिरर क्विएस्क करून ठेवा.

आता अ‍ॅरेवरची तपासणी. कमांडी इथे नागरीत लिहितोय, रेघा आणि मोकळ्या जागा तशाच ठेवा.

'क्लस्टर शो': दोन्ही नोड हेल्दी, एलिजिबल.
'क्लस्टर एचए शो': दोन नोडच्या क्लस्टरला हे ट्रूच हवं.
'स्टोरेज फेलओव्हर शो': टेकओव्हर पॉसिबल दोन्हीकडे ट्रू.
'सिस्टिम हेल्थ अलर्ट शो': रिकामं.
'स्टोरेज डिस्क शो -कंटेनर-टाइप ब्रोकन': रिकामं. मेलेली डिस्क आधी बदला, रीकन्स्ट्रक्शन चालू असताना अपग्रेडला हात लावू नका.
'स्टोरेज अ‍ॅग्रीगेट शो -स्टेट !ऑनलाइन' आणि व्हॉल्यूमसाठी तसंच.
'नेटवर्क इंटरफेस शो -इज-होम फॉल्स': रिकामं, नसेल तर रिव्हर्ट.
'जॉब शो': लांबलेलं काही नको.

नोडचा रूट व्हॉल्यूम, व्हॉल शून्य, भरलेला असला तर पॅकेज चढत नाही. तिथे जागा खातात ते जुने कोअरडंप (क्रॅशच्या वेळच्या मेमरीच्या फाइली) आणि त्याचेच स्नॅपशॉट. फाइली पुसल्या आणि जागा वाढली नाही तर स्नॅपशॉट धरून बसलेत असं समजा. नोडशेलमधून 'स्नॅप लिस्ट व्हॉल०' बघा.

एनक्रिप्शन असेल तर ऑनबोर्ड की मॅनेजरचा बॅकअप 'सिक्युरिटी की-मॅनेजर ऑनबोर्ड शो-बॅकअप' ने काढून अ‍ॅरेच्या बाहेर ठेवा. पासफ्रेज कुणाकडे आहे ते नाव विंडोच्या कागदावर लिहा. ज्याने ते ठेवलं तो नोकरी सोडून गेलेला असतो, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

क्लस्टर कॉन्फिगचा बॅकअप दर आठ तासांनी, रोज आणि आठवड्याला आपोआप होतो, पण तो राहतो त्याच क्लस्टरच्या नोडवर. एक ताजा काढून बाहेरच्या सर्व्हरवर टाका.

सह्याद्री_साठा
पॅकेजबद्दल भर. डाउनलोड पानावर दोन फाइली दिसतात. एकीच्या नावात 'नोडार' आहे. तिच्यात व्हॉल्यूम एनक्रिप्शन नाही. ज्या देशांत एनक्रिप्शन चालत नाही तिथल्यासाठी ती. सध्या कुठली आहे हे 'व्हर्जन -व्ही' ने कळतं: 'नो-डेअर' असा उल्लेख असेल तर एनक्रिप्शनविना. एनक्रिप्टेड व्हॉल्यूम असताना चुकून नोडार चढवली तर पुढची रात्र लांबली म्हणून समजा.

फाइल कुठल्याही एचटीटीपी सर्व्हरवर ठेवा, चेकसम जुळवा, 'क्लस्टर इमेज पॅकेज गेट -यूआरएल'. क्लस्टर मॅनेजमेंटच्या व्हीलॅनमधून त्या सर्व्हरपर्यंत फायरवॉल उघडा आहे ना, हे आधी बघा. रात्री अकराला नेटवर्क टीमला उठवून उघडून घेऊ नका. पॅकेज आणणं आणि 'क्लस्टर इमेज व्हॅलिडेट' दोन्ही चालू कामात निर्धोक आहेत, म्हणून दोन-तीन दिवस आधीच करा.

व्हॅलिडेटचा निकाल नीट वाचा. 'एरर' म्हणजे अपग्रेड सुरूच होणार नाही. 'वॉर्निंग' मधल्या काही ओळी काहीही केलं तरी जात नाहीत, उदाहरणार्थ एनएफएस माउंट हार्ड आहेत का, एसएमबीचं काय. ते अ‍ॅरेला होस्टवर जाऊन बघता येत नाही, म्हणून तो तुम्हाला बघायला सांगतो. त्या बघून झाल्या की '-इग्नोर-व्हॅलिडेशन-वॉर्निंग ट्रू'. न बघता ट्रू देणारेच जास्त.

मध्यरात्र
विंडो किती मागायची? नेटअ‍ॅपचा अंदाज: तयारीला निदान ३० मिनिटं, प्रत्येक एचए जोडीला (एकमेकांचं काम घेणाऱ्या दोन नोडना) ६०, नंतरच्या तपासणीला ३०. तुमची एकच जोडी. तरी चार तास मागा. टेकओव्हर आणि गिव्हबॅकच्या मधे क्लायंट स्थिर व्हायला ऑनटॅप आपणहून आठ मिनिटं थांबतो. डेटाबेस जड असेल तर '-स्टॅबिलाइज-मिनिट्स' ने वाढवा, कमी करायच्या नादी लागू नका. बायोसचं फर्मवेअर याच रिबूटमध्ये चढतं, म्हणून नोड यायला नेहमीपेक्षा उशीर लागला तर घाबरून वीज काढायला धावू नका.

दोन्ही नोडच्या बीएमसीवर (नोड बंद असतानाही चालणाऱ्या व्यवस्थापन चिपवर) लॉगिन होतंय ना, 'सिस्टिम कन्सोल' दिसतो ना, हे दिवसा तपासा. क्लस्टर मॅनेजमेंट लिफ मधेच उडी मारते, तुमचं एसएसएच तुटतं; कन्सोल उघडा असेल तर काय चाललंय ते दिसत राहतं. डेटा सेंटरमध्ये उभा माणूस असेल तर सिरियल केबल ११५२०० बॉडला.

माझं एक मत: विंडोच्या सुरुवातीलाच, जुन्या व्हर्जनवर, एकेका नोडचा हाताने टेकओव्हर-गिव्हबॅक करून घ्या.

जुना_खांब
पटत नाही. एसएमबीला दोनाऐवजी चार झटके, आणि अर्धी विंडो त्यातच जाते.

मध्यरात्र
शनिवारी रात्री एसएमबीवर असतं कोण? दोन वर्षं न रिबूट झालेला नोड उठताना एखादा डिमम (मेमरी) किंवा बूट डिव्हाइस दगा देऊ शकतो. तो जुन्या व्हर्जनवर दगा देईल तर निव्वळ हार्डवेअरची केस, क्लस्टर एकाच व्हर्जनवर. अपग्रेडच्या मधे दिला तर एक नोड ९.१३.१ वर, एक ९.९.१ वर, आणि सपोर्टशी बोलताना 'नवीन व्हर्जनमुळे की सुट्या भागामुळे' यातच तास जातो.

जुना_खांब
नोड अलीकडे रिबूट झालेले असतील तर गरज नाही. वर्षाहून जुना अपटाइम असेल तर करा, एवढं मान्य.

लूपबॅक
अपटाइम ६०० दिवसांच्या वर आहे, म्हणजे करतो. आता कमिटीचा लाडका रकाना: रोलबॅक.

रॅकमागचा
तिथे 'रोलबॅक: मागील व्हर्जन पुनर्स्थापित करणे' असं लिहून मोकळे होऊ नका. खरी स्थिती अशी:

पहिला टेकओव्हर होईपर्यंत आधी 'क्लस्टर इमेज पॉज-अपडेट', मग 'क्लस्टर इमेज कॅन्सल-अपडेट', नुकसान शून्य.

मधे एररने थांबलं तर ऑनटॅप आपणहून पॉज होतो. कारण दूर करून 'क्लस्टर इमेज रिझ्यूम-अपडेट'. सगळ्यात जास्त वेळा थांबतं ते गिव्हबॅक व्हेटो होऊन. 'स्टोरेज फेलओव्हर शो-गिव्हबॅक' कोणी अडवलं ते सांगतं. 'ओव्हरराइड-व्हेटोज' पहिल्या दमात वापरायचं नाही. व्हेटो कशाचा आहे ते वाचून, सपोर्ट लाइनवर असताना ठरवायचं. त्यासाठी आठवडा आधी नियोजित अपग्रेडची केस उघडून नंबर हाताशी ठेवा.

दोन्ही नोड ९.१३.१ वर गेल्यावर परत येणं म्हणजे रिव्हर्ट. ते डिसरप्टिव्ह आहे आणि एका वेळी एकच रिलीज मागे: ९.१२.१, ९.११.१, ९.१०.१, मग ९.९.१. व्यवहारात हे कोणी करत नाही, नव्या व्हर्जनवरच पॅच घेतात. कमिटीला हेच वाक्य लिहा. आणि नवीन व्हर्जनची सोय महिनाभर सुरू करू नका, त्यातल्या काही रिव्हर्टच्या आड येतात.

सह्याद्री_साठा
सुरू करण्याच्या आधी ऑटोसपोर्टने 'मेंट=४एच' असा संदेश पाठवा, नाहीतर प्रत्येक टेकओव्हरला सपोर्टची केस आपोआप उघडते. कमाल ७२ तास देता येतात. संपल्यावर 'मेंट=एंड'.

नंतरची तपासणी: 'क्लस्टर इमेज शो-अपडेट-हिस्टरी', अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'सिस्टिम नोड अपग्रेड-रिव्हर्ट शो' दोन्ही नोडवर कम्प्लीट, फेलओव्हर पुन्हा पॉसिबल, घराबाहेर राहिलेल्या लिफ 'नेटवर्क इंटरफेस रिव्हर्ट' ने परत. स्नॅपमिरर रिझ्यूम करून एक अपडेट पूर्ण जाऊ द्या. लिनक्सवर 'मल्टिपाथ -एलएल' पुन्हा. गिव्हबॅकनंतर एखादा रस्ता 'फेल्ड' च राहिलेला सापडतो, तो तसाच राहिला तर पुढच्या फेलओव्हरला कळतो. बॅकअपचा एक छोटा जॉब हाताने चालवा, सोमवारची वाट बघू नका.

लूपबॅक
शेवटचा प्रश्न. रिपॉझिटरीतलं पॅकेज नंतर काढायचं का? आणि नोडवर जुनी इमेज शिल्लक असते, तिच्यावरून बूट करून परत येता येतं का?

सह्याद्री_साठा
पॅकेज 'क्लस्टर इमेज पॅकेज डिलीट' ने काढा, रूट व्हॉल्यूमची जागा मोकळी होते. 'सिस्टिम नोड इमेज शो' मध्ये दुसऱ्या खणात ९.९.१ दिसेल, ती राहू द्या, पण तिच्यावरून बूट करू नका. डिस्कवरची माहिती तोवर नव्या रूपात गेलेली असते. रिव्हर्ट ही वेगळी प्रक्रिया आहे, नुसती इमेज बदलणं नव्हे.